बिबट्या, कुत्रा आणि कचरा: उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरचं अन्नजाळं नेमकं कसं चालतं?

फेब्रुवारी २०१९, ठाणे. शहरातल्या मॉलच्या पार्किंगमधल्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसला आणि तो थोड्या वेळाने जवळच्या एका हॉटेलच्या आवारात सापडला. डिसेंबर २०१९, उल्हासनगर. बिबट्या थेट रहिवासी भागात शिरला आणि त्याला बेशुद्ध करून बाहेर काढावं लागलं. नोव्हेंबर २०२२, कल्याण पूर्व. बिबट्या एका इमारतीत घुसला, काही जण जखमी झाले आणि कित्येक तासांनी तो जेरबंद झाला.

अशी घटना घडली की पुढचे दोन दिवस व्हॉट्सॲपवर एकच वाक्य फिरतं, 'बिबट्या भरकटून शहरात आला.' दुसरं वाक्यही ठरलेलं असतं, 'माणसाने जंगल तोडलं, आता तो जाणार कुठे?'

दोन्ही वाक्यांत थोडं तथ्य आहे, पण त्यांनी पूर्ण उत्तर मिळत नाही. बिबट्या शहराच्या कडेला का वावरतो हे कळायला तो काय खातो ते बघावं लागतं. मग तो जे खातो ते काय खातं, हेही बघावं लागतं. असं करत खाली गेलं की ज्या साखळीच्या तळाशी झाडपाला असायला हवा, तिथे आपल्या घरातून गेलेली कचऱ्याची पिशवी सापडते.

अन्नजाळं म्हणजे काय?

शाळेत 'गवत – ससा – कोल्हा' अशी अन्नसाखळी सगळ्यांनीच शिकलेली असते. प्रत्यक्षात मात्र ससा फक्त गवत खात नाही आणि कोल्हा फक्त ससा खात नाही. अशा अनेक साखळ्या एकमेकींत गुंततात, तेव्हा त्याला अन्नजाळं म्हणतात.

त्याचे ढोबळ तीन थर असतात. पहिल्या थरात वनस्पती येतात. त्या सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करतात, म्हणून त्यांना उत्पादक म्हणतात. दुसरा थर वनस्पती खाणाऱ्या शाकाहारी प्राण्यांचा आणि तिसरा त्यांना खाणाऱ्या शिकाऱ्यांचा. शिवाय मेलेलं, सडलेलं खाऊन जागा साफ करणारे असतात ते वेगळेच.

एका थरातून वरच्या थरात जाताना साधारण दहावा हिस्साच ऊर्जा पोचते. बाकीची प्राण्याच्या हालचालीत आणि शरीराच्या उष्णतेत खर्च होते. म्हणून डोंगरभर गवत असलं तर त्यावर शेकडो ससे जगतात, पण बिबटे मोजकेच. शिकाऱ्यांची संख्या शेवटी खालचे थर ठरवतात.

हे समजायला टुंड्रा का बघायचा?

अन्नजाळं शिकायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे उत्तर ध्रुवाजवळचा टुंड्रा. कारण तिथे पात्रं कमी आहेत. जमिनीचा खालचा थर कायम गोठलेला असतो, त्यामुळे मोठी झाडं वाढत नाहीत. उन्हाळा दोन-तीन महिन्यांचा. त्यात शेवाळ, गवतासारख्या वनस्पती, घोट्याएवढी खुजी झुडपं आणि लायकेन वाढतं. लायकेन आपल्याला अगदीच अनोळखी नाही. गोडा मसाल्यातलं दगडफूल त्याच कुळातलं. टुंड्रातले रेनडिअर हिवाळ्यात बर्फ उकरून असंच लायकेन खातात.

शाकाहाऱ्यांमध्ये तिथला हिरो आहे लेमिंग, उंदरासारखा मुठीएवढा प्राणी. त्याची संख्या साधारण दर तीन ते पाच वर्षांनी प्रचंड वाढते आणि मग कोसळते. संख्या वाढते त्या वर्षी हिमघुबडं भरपूर पिल्लं वाढवतात, ध्रुवीय कोल्ह्यांचीही चंगळ होते. लेमिंग कमी असतील त्या वर्षी हिमघुबड अनेकदा अंडीच घालत नाही.

कोल्हा मात्र तेवढा हळवा नाही. लेमिंग मिळेनासे झाले की तो जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या अंड्यांकडे वळतो. त्यामुळे सैबेरियात लेमिंगची संख्या कोसळली की त्याचा फटका ज्यांचा लेमिंगशी काहीही संबंध नाही अशा बदकं-पाणपक्ष्यांना बसतो. याला 'भक्ष्यबदल' म्हणू. हा शब्द लक्षात ठेवा, बदलापूरला तो पुन्हा लागणार आहे.

टुंड्रातली आणखी एक गोष्ट इथे कामाची आहे. अलास्कात प्रुडो बे इथे मोठं तेलक्षेत्र आहे. तिथले ध्रुवीय कोल्हे माणसांच्या कचऱ्यावर आणि उरलेल्या अन्नावर जगायला शिकले. लेमिंग असोत-नसोत, त्यांना खायला मिळू लागलं. म्हणजे पृथ्वीवरच्या सगळ्यात साध्या अन्नजाळ्यातही कचऱ्याचा एक नवा धागा विणला गेला.

बदलापूरच्या डोंगरातलं मूळ अन्नजाळं

आता कल्याणहून कर्जत लोकल पकडा. उल्हासनगरच्या दाट वस्तीनंतर अंबरनाथ येतं, मग बदलापूर, आणि एका बाजूला डोंगरांची रांग दिसायला लागते. मलंगगड, ताहुली, चंदेरी आणि पुढे माथेरान. दुसऱ्या बाजूला उल्हास नदी, आणि तिच्यापलीकडे बारवी धरणाभोवतीचं जंगल मुरबाडच्या दिशेने पसरलेलं. तिन्ही शहरं या दोन हिरव्या पट्ट्यांच्या मधे वसलेली आहेत.

वनस्पती: टुंड्रात जसा छोटा उन्हाळा सगळं ठरवतो, तसा इथे पावसाळा. जूनमध्ये उघडे डोंगर पंधरा दिवसांत हिरवे होतात. साग, ऐन, मोह, पळस, जांभूळ ही इथली झाडं. उतारांवर कारवी वाढते. ती साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी टाकते आणि वाळून जाते. दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं आणि मार्चपासून डोंगर पुन्हा तपकिरी होतात. वर्षभराच्या खाण्याचं बरंचसं उत्पादन चार महिन्यांत होतं.

शाकाहारी: या पट्ट्याच्या जंगलांत ससा, भेकर, वानर, माकड, रानडुक्कर आणि घुशी-उंदरांसारखे कुरतडणारे प्राणी आढळतात. रानडुक्कर कंदापासून किड्यांपर्यंत काहीही खातं, त्यामुळे ते पक्कं शाकाहारी नाही. बदलापूरचं जांभूळ बाजारात प्रसिद्ध आहे, पण त्याचं पहिलं गिऱ्हाईक वटवाघळं, उदमांजर आणि बुलबुल. हे प्राणी फळ खातात, दूर जाऊन बी टाकतात आणि त्यातून नवं झाड उगवतं. म्हणजे खाणारा फक्त नुकसान करतो असं नाही, काही वेळा तोच माळीही असतो.

शिकारी: धामण, घोणस, घुबडं, सर्पगरुड, मुंगूस, रानमांजर, कोल्हा आणि सगळ्यांच्या वर बिबट्या. बिबट्याची खासियत अशी की तो खाण्याच्या बाबतीत फारसा चोखंदळ नाही. घुशीपासून भेकरापर्यंत त्याला काहीही चालतं. वाघाला मोठं जंगल आणि मोठं भक्ष्य लागतं. बिबट्याला लपायला झाडोरा आणि रात्री शांतता मिळाली तरी पुरतं.

हा धागा कुठे बदलला?

बदल दोन टोकांना झाला.

जंगलाच्या टोकाला मूळ अन्न कमी होत गेलं. दर उन्हाळ्यात या डोंगरांवर वणवे लागतात. बहुतेक वणवे माणसाने लावलेले किंवा त्याच्या निष्काळजीपणातून लागलेले असतात. पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं, या समजुतीतूनही काही ठिकाणी गवत पेटवलं जातं. आगीत वाळलेलं गवत जातं, त्याबरोबर कोवळी रोपं, जमिनीवरची घरटी आणि सशांच्या लपायच्या जागाही जातात. पहिला थर जळाला की दुसरा थर उपाशी राहतो. त्यात चोरटी शिकार होत असेल तर ससा आणि भेकर आणखी कमी होतात.

शहराच्या टोकाला नवं अन्न वाढत गेलं. २००१ च्या जनगणनेत बदलापूरची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती. २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली आणि त्यानंतरही शहर डोंगराच्या दिशेने वाढतच राहिलं. उल्हासनगरमध्ये तर अवघ्या १३ चौरस किलोमीटरमध्ये २०११ लाच पाच लाखांहून जास्त लोक राहत होते. एवढी माणसं म्हणजे रोजचा तेवढा कचरा. त्यात हॉटेलांचं उरलेलं अन्न, चिकन-मटणच्या दुकानांतले टाकाऊ तुकडे, लग्नाच्या हॉलमागे पडलेलं जेवण. हे उघड्यावर पडलं की त्यावर भटकी कुत्री, डुकरं, घुशी आणि कावळे जगतात.

आणि कुत्रा हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य आहे.

म्हणजे 'गवत – भेकर – बिबट्या' या साखळीच्या शेजारी दुसरी साखळी तयार झाली. ती आहे 'कचरा – कुत्रा – बिबट्या'. पहिली पावसावर चालते आणि उन्हाळ्यात आटते. दुसरी बारा महिने चालू असते.

अभ्यास काय सांगतात?

हा नुसता अंदाज नाही. बदलापूरच्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बिबट्याच्या आहाराचे अभ्यास झाले आहेत.

सह्याद्रीपलीकडे नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा गोळा करून तो काय खातो ते तपासलं. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशोबाने बिबट्याच्या आहारात ८७ टक्के वाटा पाळीव आणि माणसाजवळ राहणाऱ्या प्राण्यांचा निघाला. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. शेळ्या मात्र फक्त ११ टक्के, आणि त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त असूनही.

असं का? शेळी दिवसा राखणीखाली चरते आणि रात्री गोठ्यात असते. कुत्रा रात्रभर मोकळा फिरतो. बिबट्या सोपं भक्ष्य निवडतो. शेळीपालन करणाऱ्यांसाठी यातच मोठा धडा आहे.

दुसऱ्या बाजूला मुंबईचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. तिथल्या बिबट्यांवर २०१८ मध्ये एक शोधनिबंध आला. उद्यानातले सुमारे ३५ बिबटे वर्षाला अंदाजे १,५०० भटकी कुत्री खात असावेत, असा हिशोब त्यात मांडला होता. म्हणजे एका बिबट्यामागे वर्षाला साधारण ४३ कुत्री. त्यामुळे कुत्रा चावण्याच्या वर्षाला सुमारे १,००० घटना आणि रेबीजचे ९० संभाव्य मृत्यू टळत असावेत, असाही अंदाज होता. हे थेट मोजलेले आकडे नाहीत, गणिताने काढलेले आहेत. पण ज्या प्राण्याची आपल्याला भीती वाटते, तो न दिसणारं एक कामही करत असतो, हे त्यातून कळतं.

गिधाडं गेली आणि कुत्र्यांचं फावलं

कुत्री वाढण्यामागे फक्त कचरा नाही. १९९० च्या दशकात भारतातली गिधाडं झपाट्याने संपली. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या ढोरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होतं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होत होती. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, पण तोवर फार उशीर झाला होता. गिधाडांनी काही तासांत साफ केलेली ढोरं आता पडून राहू लागली आणि त्यावर कुत्री पोसली गेली. गिधाडं नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख जादा मानवी मृत्यू झाले असावेत, असा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात मांडला आहे. अन्नजाळ्याचा एक धागा तुटला की गाठ कुठे बसेल, हे आधी सांगता येत नाही ते असं.

'त्याला पकडून लांब सोडा' हा उपाय का फसतो?

बिबट्या दिसला की पहिली मागणी पिंजऱ्याची होते. पण हे करून झालेलं आहे. जुन्नर भागात २००० च्या दशकाच्या सुरुवातीला मोठ्या प्रमाणात बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. त्याआधी तिथे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. स्थलांतरानंतर ही सरासरी १७ वर गेली. अनोळखी जागी सोडलेला, बिथरलेला बिबट्या जास्त धोकादायक ठरतो. शिवाय रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतो, कारण त्याला बोलावणारं अन्न तिथेच असतं.

सोडलेला बिबट्या जागेवर राहतो असंही नाही. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक वयस्कर बिबट्या वाचवण्यात आला. गळ्यात जीपीएस कॉलर बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं. संशोधकांनी त्याचं नाव ठेवलं 'आजोबा'. हा पठ्ठ्या ठाणे जिल्हा ओलांडत, कसाऱ्याजवळ रेल्वे आणि मुंबई-आग्रा महामार्ग पार करत सुमारे १२० किलोमीटर चालला. शेवटी वसईची खाडी पोहून तो संजय गांधी उद्यानाच्या बाजूला पोचला. वसईची खाडी म्हणजे बदलापूरवरून वाहत जाणाऱ्या उल्हास नदीचंच मुख. एवढ्या प्रवासात त्याने कुणावर हल्ला केला नाही. डिसेंबर २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेत त्याचा मृत्यू झाला. २०१४ मध्ये 'आजोबा' नावाचा मराठी सिनेमा आला, तो याच बिबट्यावर बेतलेला होता.

आपण ज्याला 'शहरात भरकटलेला' म्हणतो, तो बहुतेकदा असाच रात्री आपल्या कडेकडेने वावरणारा प्राणी असतो. एखाद्या दिवशी तो दिसतो आणि त्याची बातमी होते.

नदीत उलटा प्रकार: खाणारा नसलेली वनस्पती

डोंगरात कचऱ्यामुळे वरचा थर हलला. उल्हास नदीत तळाचाच थर बिघडला आहे. दरवर्षी पावसाळा संपून प्रवाह मंदावला की बदलापूरपासून कल्याणपर्यंत ठिकठिकाणी जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेची. तिकडे तिला खाणारे खास भुंगेरे आहेत. इथे ती शोभेसाठी आली, पण तिला खाणारे सोबत आले नाहीत. १९८० च्या दशकात भारतात असे भुंगेरे मुद्दाम आणून सोडण्याचे प्रयोग झाले आणि काही तलावांत त्यांना यशही आलं.

पण नुसते भुंगेरे पुरत नाहीत. सांडपाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस हे जलपर्णीचं खत आहे. खत चालू असेल तर ती खाल्ली जाते त्याहून वेगाने वाढते. गालिच्याखाली ऊन पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे कमी होतात आणि मासे खाणारे खंड्या-पाणकावळेही. ही या शहरांच्या पिण्याच्या पाण्याची नदी आहे, हे वेगळं सांगायला नको.

मग सुरुवात कुठून करायची?

इथे टुंड्रातला कोल्हा आठवा. लेमिंग संपले तेव्हा तो उपाशी बसला नाही, त्याने भक्ष्य बदललं. बिबट्याही तेच करू शकतो. उद्या एका फटक्यात सगळी कुत्री हटवली आणि जंगलात ससा-भेकर नसेल, तर तो डोंगर सोडून जाईलच असं नाही. त्याची नजर ठाकूर-कातकरी पाड्यांवरच्या शेळ्यांकडे वळण्याचा धोका असतो. तिथे एक शेळी जाणं म्हणजे घरातली बचत जाणं. त्यामुळे काय करायचं इतकंच कोणत्या क्रमाने करायचं, हेही महत्त्वाचं आहे.

- आधी कचरा: ओला कचरा, विशेषतः मांस-मासळीचा, उघड्यावर पडू न देणं. डोंगरालगतच्या सोसायट्या, ढाबे आणि फार्महाऊससाठी हे सगळ्यात गरजेचं. अन्न कमी झालं की कुत्र्यांची संख्या हळूहळू उतरते.
- सोबत नसबंदी आणि लसीकरण: २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांसाठी हाच मार्ग आहे. पण बाजूला कचऱ्याचा ढीग तसाच राहिला तर तो पुरा पडत नाही.
- शेळ्यांना बंदिस्त गोठा: वरून आणि चारही बाजूंनी बंद, मजबूत दार असलेला. बिबट्याने पाळीव जनावर मारलं तर वनविभागाकडून नुकसानभरपाई मिळते, त्यासाठी लगेच कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो.
- वणवे रोखणं: उन्हाळ्याआधी जाळरेषा काढणं, आग दिसताच कळवणं. गवत वाचलं तरच ससा वाचेल आणि ससा-भेकर असतील तर बिबट्याला डोंगरातच खायला मिळेल.

बिबट्या दिसला तर?

पळू नका, पाठ फिरवू नका आणि खाली बसू नका. उभं राहून हळूहळू मागे सरका. लहान मुलांना उचलून घ्या. त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवा. गर्दी, दगडफेक आणि व्हिडिओसाठीचा पाठलाग यानेच बहुतेक वेळा प्रकरण चिघळतं. कोंडीत सापडलेला बिबट्या हल्ला करतो. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे त्याला इजा करणं हा गंभीर गुन्हा ठरतो. डोंगरालगत राहत असाल तर रात्री आवारात उजेड ठेवा आणि अंधारात मुलांना एकटं सोडू नका.

आणि बिबट्याचा जुना व्हिडिओ 'आत्ताच आपल्या एरियात' म्हणून आला तर फॉरवर्ड करण्याआधी तो कुठला आणि कधीचा, ते बघा. वनविभागाचे मोजके कर्मचारी खोट्या बातमीमागे धावत असतात, तेव्हा खरी गरज दुसरीकडे असू शकते.

बिबट्याला परत पाठवायची जागा लांबच्या कुठल्या जंगलात नाही. बदलापूरचा डोंगर त्याचाच आहे. तो तिथेच राहावा असं वाटत असेल, तर उतारावरचं गवत जळू द्यायचं नाही आणि पायथ्याला कचरा साठू द्यायचा नाही, एवढं तरी आपल्या हातात आहे.